माप न घेतलेली जनावरं

कोकणात ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं वर्ष पंचांगावर चालतं. चैत्र-वैशाखात लग्नसराई, तेव्हा जेवायला बसलं तरी गळ्यातली टेप काढायची आठवण राहत नाही. आषाढात लावणी लागते. गावातल्या निम्म्या बायका मळ्यात चिखलात उभ्या असतात, नव्या कापडाचं नाव कोण काढणार? श्रावण सरता सरता पुन्हा धांदल, कारण गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात आणि त्यांच्यातल्या प्रत्येकीला ब्लाउज उद्याच्या आरतीला नेसायच्या साडीवर आजच हवा असतो. अनंत चतुर्दशी झाली, एस्टी आणि ट्रॅव्हल्स भरभरून माणसं परत गेली, की लागतो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवं कापड फाडत नाही.

माझं दुकान म्हणजे घराची पडवी. आडिवऱ्याहून फार लांब नाही, रस्त्याच्या कडेलाच. पितृपक्षात मी मशीनवर जुनी चादर टाकते आणि दरवर्षी माळा आवरायला काढते. गेल्या पितृपक्षात माळ्यावरून कतरणांची गाठोडी खाली आली ती परत वर गेलीच नाहीत. त्यांची गोधडी झाली. गोधडीवर हत्ती आहे, खवले मांजर आहे, कासव आहे, वाघ आहे, एक कावळा आहे आणि एक गेंडाही आहे. गेंडा कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालंय. त्याचं उत्तर पुढे येईलच.

"सुट्टी आहे ना तुला? मग परत सुई कशाला?" असं ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण जे काम मी वर्षभर करते ते शिवणापेक्षा मापाचं जास्त आहे. मुंढा साडेसात, गळा मागून आठ, कटोरी, टक्स, बाहीचा घेर. माझ्याकडे मापांच्या वह्या आहेत, त्यात गावातल्या तीन पिढ्यांच्या बायका नोंदवलेल्या आहेत. कोण बाळंतपणानंतर भरली, कोण आजारपणात उतरली, ते मला आकड्यांवरून कळतं. ब्लाउज हा अंगाला चिकटणारा प्रकार. अर्धा इंच इकडेतिकडे झाला की बाई आरशासमोर उभी राहून खांदा हलवून दाखवते, आणि मग उसवा. माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, आत ठेवलेली असतेच म्हणा, पण उसवण्याचा कंटाळा असतो तो असतोच. मला असं काहीतरी शिवायचं होतं की जे अंगात घालून कुणी आरशासमोर उभं राहणार नाही. हत्तीची कंबर दोन इंच जास्त झाली तर हत्ती परत घेऊन कोण येतंय?

आता कतरणांबद्दल. शिवून उरलेलं कापड मी गिऱ्हाइकाला ब्लाउजबरोबरच परत देते, तशी माझी पद्धत आहे. दहातल्या आठ जणी "ठेव गो तुलाच" म्हणून पिशवी तिथेच सोडून जातात. त्यामुळे माझ्याकडे टू बाय टू रुबियाचे सगळे रंग आहेत, खणाचे लहान लहान तुकडे आहेत आणि अर्धवट मोर आहेत. पैठणीच्या ब्लाउजपीसवर मोर असला तर प्रत्येकीला तो पाठीवर बरोबर मधोमध हवा असतो. तो मध्यावर आणायचा म्हणजे शेजारचे मोर कापले जाणारच. कुणाचा पिसारा गाठोड्यात जातो, कुणाची नुसती मान. पोपटांचीही तीच गत. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी गाठोडं सोडलं तेव्हा पडवीभर ही अर्धी पाखरं पसरली. खरं तर गोधडीचा विचार तिथेच आला.

पण पहिला प्राणी झाला तो कावळा. पितृपक्षात दुसरा कोण होणार? सकाळपासून कौलावर, गडग्यावर, शेजारच्या फणसावर तेच. एरवी हाकलायचे, आणि या दिवसांत पान ठेवून "काव काव" करत त्यांची मनधरणी करायची. आमच्याकडे दोन जातींचे येतात. गावकावळ्याची मान राखाडी असते, डोमकावळा आकाराने मोठा आणि सगळाच काळा. मी गावकावळा घेतला, कारण राखाडी कापड शाळेच्या गणवेशाच्या पँटचं भरपूर होतं. काळ्यासाठी मोडक्या छत्रीचं कापडही हाताशी होतं, पण ते गोधडीला उपयोगाचं नाही. सुई त्यातून सटकते, कडा निसटतात आणि इस्त्री लागली तर आकसतं. जुना काळा परकर कापला. चोच केली ती एका नवरीच्या शालूच्या जरीची. त्यामुळे हा कावळा जरा श्रीमंत घरचा वाटतो.

त्याची चोच सुरू असतानाच शेजारच्या काकी आल्या. काकींचं माहेर देवगडकडचं, आणि आमच्या गावात साठ वर्षं काढूनही त्यांनी तिकडची भाषा सोडलेली नाही. कापडाचा कावळा बघून त्यांनी थेट विचारलं, "काय गो, चेडवाक दिवस गेले की काय? आणि माका सांगलंस नाय!"

लेक पुण्यात, नोकरीत, आणि तसलं काहीही नाही. पण हा प्रश्न पुढचे पंधरा दिवस पडवीत येणाऱ्या प्रत्येक बाईने विचारला. प्राण्यांची गोधडी म्हणजे दुपटं आणि दुपटं म्हणजे पाळणा, हे गणित आपल्याकडे इतकं पक्कं आहे की पन्नाशीच्या बाईने स्वतःच्या पांघरुणावर हत्ती काढावा हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मी प्रत्येकीला सांगितलं, माझीच आहे. बहुतेकींना वाटलं मी काहीतरी लपवतेय. बातमी लेकीपर्यंत पोहोचली आणि तिचा फोन आला, "आई, तुझ्या गोधडीमुळे मला अभिनंदनाचे मेसेज येतायत." त्या दिवशी आम्ही दोघी फार हसलो. मग ती म्हणाली, एक मांजर पण कर. ते मात्र केलं नाही. घरातलं खरं मांजर कापडाचा एकही थर मला सरळ अंथरू देत नव्हतं, गोधडीवर आणखी एक कशाला?

घाटावरच्या माणसांना कोकणातल्या गोधडीबद्दल एक शंका नेहमी असते. एवढ्या दमट उकाड्यात तिचं काय काम? काम असतं ते पावसात. जूनपासून चार महिने भिंती ओल धरतात, लादीला पाझर येतो, आणि पहाटेच्या गारठ्यात नुसती चादर अंगाला चिकटते. तेव्हा पातळ, सुती, मऊ असं काहीतरी लागतं. शिवाय आमच्याकडे कापूस पिकत नाही. एवढ्या पावसात आणि जांभ्याच्या पातळ मातीत तो येणार कसा? त्यामुळे जुन्या बायकांनी कापसाच्या ऐवजी गोधडीच्या पोटात कपडाच घातला. खाली एक लुगडं, वर एक लुगडं, मध्ये जितकी फाटकी असतील तितकी, आणि सगळ्यांमधून धावदोरा. माझ्या सासूबाई गोधडी घालायच्या तेव्हा शिवण कडेने सुरू करून आत आत वळत मध्यावर आणून संपवायच्या. घाटापलीकडे, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात, त्याही कडेपासूनच आत येतात. त्यांच्या कवंदाच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे थरावर थर दिलेले त्रिकोण असतात, त्यांना त्या फूल म्हणतात. हे त्रिकोण पुढे माझ्या फार कामी आले.

गोधड्या धुवायच्या त्या मे महिन्यात. पूर्वी त्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, नेऊन आपटून धुतल्या की डोक्यावर घेऊन वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी सपाटीवर, चढायचं आणि कातळावर पसरायच्या. जांभ्याचा काळा कातळ दुपारी असा तापतो की पाय ठेववत नाही. चार लुगड्यांची जाडी तासाभरात कडकडीत. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी हे करत होते. सड्यावर पाय ठेवताना कधीतरी दगडात खोदलेल्या रेघा लागायच्या. सासूबाई म्हणायच्या, पांडवांनी काढलंय ते. आम्ही त्यावरच गोधड्या वाळवायचो.

मग रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगावचे सडे पायाखाली घालू लागले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारू लागले, आणि एकेका सड्यावरची कातळशिल्पं उजेडात आली. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी. 2022 साली कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, त्यात एक आमच्या राजापूर तालुक्यातलं कशेळी आहे. कनकादित्याच्या दर्शनाला जाणाऱ्यांना कशेळी माहीत असतं. तिथल्या सड्यावर जो हत्ती कोरलेला आहे तो सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. शेजारी उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही. नुसती एक खोदलेली रेघ चालत चालत लांब जाते, तिच्यामागून चालत राहिलं की कुठेतरी सोंड लक्षात येते. आणि या हत्तीच्या पोटात दुसरी जनावरं आहेत. मासे, पाखरं, चार पायांची श्वापदं, दाटीवाटीने, एकमेकांच्या अंगावरून गेलेली. एकाचा पाय दुसऱ्याच्या पाठीत.

मी तो हत्ती पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा पुरातत्त्व वगैरे काही मनात आलं नाही. मनात आलं की ज्याने हे कोरलं त्याला मोकळी जागा सोडवत नव्हती. हत्तीची बाह्यरेषा झाली, काम संपलं होतं. तरी तो आत शिरला आणि भरत बसला. आता तिथे पूजा होती, शिकारीची आठवण होती की आणखी काही, ते अभ्यासक बघतील. माझ्या धंद्यातल्या डोळ्याला त्यात हातची हौस दिसली. जांभ्यात एक रेघ खोदायला किती ठोके घालावे लागले असतील, आणि तेवढे घालूनही हा माणूस थकलेला दिसत नाही.

म्हणून माझ्या गोधडीचा मुख्य प्राणी हत्ती झाला आणि त्याच्या पोटात बाकीची मंडळी गेली. सगळे अर्धे मोर आणि बिनडोक्याचे पोपट त्याच्या पोटात बसवले. पुढून मोर, मागून मासा, असंही एक झालंय. कातळावर चाललं तर कापडावर का नाही? रत्नागिरीच्या सड्यांवर एकशिंगी गेंडाही कोरलेला सापडतो, जो आज इथे कुठेच नाही. ज्या माणसाने तो काढला त्याने पाहिलेला असणार, किंवा पाहिलेल्याकडून ऐकलेला. मी टीव्हीवर पाहिलाय. तेव्हा माझाही हक्क आहे.

कापडातून प्राणी काढताना करायचं काय, ते सांगते, कारण हे वाचून कुणीतरी करून बघेल अशी आशा आहे. वर्तमानपत्रावर आकार काढायचा. मोठा काढायचा आणि कमी रेघांत. कान, सोंड, पाय, शेपूट, बास. बारीक बोटं, नख्या, मिशा काढल्यात तर कापताना रडाल. कागद कापडावर ठेवून खडूने रेघ ओढायची आणि बाहेर पाव इंच माया सोडून कापायचं. आता ही माया आत दुमडायची, आणि गोलाईवर ती दुमडत नाही. जिथे आकार बाहेर फुगतो, हत्तीची पाठ समजा, तिथे मायेतून बारीक त्रिकोण काढून टाकायचे म्हणजे आत कापडाचा ढीग होत नाही. जिथे आकार आत वळतो, सोंडेचा बाक किंवा मानेची खोबण, तिथे नुसते काप द्यायचे. कापाचं टोक रेघेच्या दोन दोरे अलीकडे थांबलं पाहिजे. ब्लाउजचा गळा वळवताना आम्ही हेच करतो. मग कच्चा टाका घालून आकार जागेवर बसवायचा आणि सुईच्या टोकानेच माया आत ढकलत ढकलत कडेला बारीक हेम घालत जायचं. माझी नजर आता दुपारी दोननंतर तेवढी साथ देत नाही, म्हणून संध्याकाळी मी काजटाक्याने कडा घालत होते. दोन्ही चांगलं दिसतं.

एक गोष्ट मात्र आधी करा. नवं सुती कापड पाण्यातून काढून वाळवून घ्या. जुनं लुगडं शंभरदा धुऊन आकसायचं तेवढं आकसलेलं असतं, नवं कापड पहिल्या धुण्यात त्याला ओढतं आणि तुमचा हत्ती सुरकुततो. हत्तीचं एक वेळ चालेल. वाघाचं चालत नाही.

खवले मांजराने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि ते करताना मी सगळ्यात जास्त खूश होते. लहानपणी माहेरच्या परड्यात एकदा रात्री दिसलं होतं, वारुळाजवळ. कुत्रं भुंकलं तसं त्याने अंगाचं वेटोळं केलं आणि बसून राहिलं. कुत्र्याला काही सुचेना. या प्राण्याला दात नसतात, लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपतं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण त्या खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते. ते खवले म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य, औषध बिवषध त्यात काही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था त्याच्यासाठी गावागावांत काम करते, आणि चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात तर त्याचा उत्सवच झाला. त्याची प्रतिकृती पालखीत घालून नाचवली. ग्रामदेवतेच्या शेजारी खवले मांजर बसलं की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. मला ही युक्ती फार आवडली.

तर खवले. आधी वाटलं, नुसत्या काजटाक्याने खवल्यांचा भास करावा. पण हात फिरवल्यावर खवले हाताला लागायला हवेत, नाहीतर मजा काय? तेव्हा कवंदाची फुलं आठवली. चौकोनी तुकडा तिरका दुमडायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, की त्रिकोण तयार होतो आणि उघड्या कडा सगळ्या एका बाजूला येतात. हे त्रिकोण ओळीने लावायचे आणि पहिल्या ओळीच्या उघड्या कडा दुसऱ्या ओळीखाली झाकायच्या. ओळी लावायच्या त्या शेपटाकडून डोक्याकडे. छपरावर मंगलोरी कौलं पागोळीकडून आढ्याकडे चढवत नेतात तसंच. उलट सुरुवात केली तर कडा उघड्या राहतात. चॉकलेटी, खाकी, मातकट, विटकरी, जेवढे म्हणून रंग बायका "म्हातारे" म्हणून नाकारतात ते सगळे यात खपले. मध्येच एक खवला भडक राणी रंगाचा लावलाय. का, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्यांचे ब्लाउज शिवताना प्रत्येक गोष्टीला कारण असतं, रंग साडीला जुळायला लागतो, अस्तर आतून दिसता कामा नये, गोंडा किती लांब त्यावरही चर्चा होते. राणी रंगाचा तो खवला लावून झाल्यावर मी तो उगाच दोनदा हाताने दाबून पाहिला.

गोंड्यावरून आठवलं. नवरीच्या ब्लाउजांना पाठीवर बांधायचे लटकन लावतात. फॅशन बदलली की उरतात. माझ्या हत्तीला लग्नातल्या लटकनची शेपूट आहे, मण्यांसकट. गेंड्याला नाही दिली, त्याला शोभत नाही. डोळ्यांना बटणं लावावीत असं कुणालाही वाटेल, पण गोधडीवर बटण नको. रात्री कूस बदलली की गालाला रुततं. दोऱ्याच्या गाठीचे डोळे करावेत.

कासवाला मी लग्नपत्रिका वापरल्या. सांगून खरं वाटणार नाही, पण जाड पत्रिकेइतका चांगला कागद या कामाला नाही. वर्तमानपत्र दमट हवेत लुळं पडतं. पत्रिकेचे षटकोन कापायचे, प्रत्येक षटकोनावर कापड दुमडून कच्चं टाचायचं आणि मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडत जायचं. जोडून झालं की कागद मागून काढून घ्यायचे. चिरंजीव आणि चि. सौ. कां. यांच्या नावांचे तुकडे पुन्हा दुसऱ्या षटकोनाला वापरता येतात. अशी पाठ तयार झाली. ती दोन्ही बाजूंना सारखी असावी म्हणून मी रंग जुळवत बसले होते, सवयच ती, उजवी बाजू आणि डावी बाजू. मग कळलं की ज्या ऑलिव्ह रिडले कासवासाठी मी ही खटपट करतेय त्याच्या पाठीवरची कवचं बऱ्याचदा उजव्या-डाव्या बाजूला सारखी नसतातच. एका बाजूला सहा तर दुसऱ्या बाजूला सात, असंही असतं. जुळवलेले रंग मी लगेच विस्कटून टाकले.

ही कासवं आमच्या जवळच्या गावखडीच्या किनाऱ्यावरही अंडी घालायला येतात. नोव्हेंबर ते मार्चपर्यंत, रात्री. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून नेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, तिथून हे लोण दापोली, गुहागर, रत्नागिरी, पार खाली सिंधुदुर्गापर्यंत आलं. 2023 मध्ये गुहागरहून बागेश्री नावाचं एक मादी कासव पाठीवर उपग्रहाचा ट्रान्समीटर लावून सोडलं होतं. ते दक्षिणेला गेलं, श्रीलंकेला वळसा घातला आणि थेट बंगालच्या उपसागरात पोहोचलं. मी गोधडीच्या कडेने निळ्या दोऱ्याचा एक धावदोरा घातलाय, डाव्या बाजूने खाली, तळाला वळसा, आणि उजव्या बाजूने वर. तो बागेश्रीचा रस्ता. बघणाऱ्यांना ती मगजीवरची नक्षी वाटते.

वाघाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पिवळ्या कापडावर काळे पट्टे लावले की वाघ होतो, त्यात मेहनत ती काय?

सगळे प्राणी जागेवर बसले आणि मग खरी गोधडी घालायची वेळ आली. माजघरातली लादी पुसून खाली सासूबाईंचं शेवटचं उरलेलं नऊवारी पसरलं, आत दोन जुन्या साड्या, वर प्राण्यांचं कापड. चौघींनी चार कोपरे ताणून धरले आणि कच्चे टाके घातले. काकी होत्याच. सुया पावसात गंजतात, म्हणून मी त्या टाल्कम पावडरीच्या डबीत ठेवते. त्या दिवशी डबी रिकामी झाली. परंपरेप्रमाणे कडेने सुरुवात केली, पण सरळ ओळ पुढे जाईना. मध्ये पाय येतात, शेपटं येतात. प्राण्यावरून शिवण नेली तर तो चेपतो, फुगीर राहत नाही. मग प्रत्येक प्राण्याच्या बाहेरून, त्याच्याच आकाराने, एकाबाहेर एक अशा ओळी नेल्या. हत्तीभोवतीच्या ओळी पसरत पसरत गेंड्याभोवतीच्या ओळींना जाऊन भिडल्या. दोघांच्या मध्ये अगदी थोडी जागा उरली होती, तिथे काकींनी स्वतःच्या हाताने एक मासा काढला. तारली म्हणाल्या. तारलीच असेल.

शिवताना त्यांनी हत्ती न्याहाळला आणि म्हणाल्या, "ह्यो हत्ती? माका डुकर वाटलो."

मी म्हटलं, सोंड बघा की.

"सोंड आसा. पण डुकरच."

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधीच पडवीत पिशव्या यायला लागल्या. आडिवऱ्याच्या महाकालीच्या जत्रेला नव्या साड्या लागतात, नवरात्रात रोजचा रंग वेगळा, त्यामुळे ब्लाउजही तेवढेच. मशीनवरची चादर निघाली. गोधडी दोरीवर टाकलेली होती, तिच्याकडे बघत एका गिऱ्हाइकाने विचारलं, केवढ्याला देशील? मी किंमत सांगितली नाही. सांगताच येईना. तिने मापाच्या वहीकडे बघून, मग माझ्याकडे बघून, अशीच एक नातवासाठी करशील का, असं विचारलं. मी म्हटलं, नातवासाठी नाही करणार, तुमच्यासाठी करेन. त्या हसून गप्प झाल्या आणि ब्लाउजची बाही कोपरापर्यंत हवी असं सांगून गेल्या.

काकींना मात्र लाज नाही. त्यांनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. "माका एक म्हस करून दी. वाघ नको, हत्ती नको. म्हस." त्यांच्या गोठ्यातली म्हैस दोन वर्षांपूर्वी विकली, तिचं नाव त्या अजून घेतात. काळ्या कापडाची चिंता नाही, परकराचा दुसरा अर्धा भाग शिल्लक आहे. शिंगांसाठी मात्र कापड त्यांनीच आणायचं ठरलंय, आणि पुढचा पितृपक्ष येईपर्यंत थांबायला त्या तयार नाहीत. दिवाळीआधी हवी म्हणतात. तेव्हा माझ्याकडे फराळाआधीचे ब्लाउज असतात, हे सांगून झालं. आता शिंगं वळलेली हवीत की सरळ, यावर बोलणी चालू आहेत.